बॅच क्रमांक ६३ वरच्या सहीबाबत

प्रति,
मा. गुणवत्ता अधिकारी,
हाडपूरक पदार्थ प्रयोगशाळा.

विषय : बॅच क्र. ६३ केवळ सहीअभावी नष्ट न करणेबाबत.
संदर्भ : माझ्या पत्नीच्या नावे आलेले आपले पत्र, जा. क्र. ११८, दि. २ जून.

महोदय,

१. माझी पत्नी आपल्याकडे प्रयोगशाळा सहायक होती. बॅच क्र. ६३ तिने बनवली. रजिस्टरात तिची सही नसल्याने तिने सात दिवसांत समक्ष येऊन सही करावी, अन्यथा शुक्रवारी बॅच नष्ट केली जाईल, असे आपण तिला कळवले आहे. पत्र वेळेवर मिळाले. ती १९ एप्रिलला वारली. त्यामुळे तिला येणे जमणार नाही.

२. हे सांगायला मी काल आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "मग त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणा." मी म्हणालो, "ताई, सही करता आली असती तर तिने रजिस्टरातच केली असती." बाई आत विचारून आल्या आणि म्हणाल्या, "त्या रजेवर आहेत असं लिहून द्या, मुदत वाढवून मिळेल." किती दिवसांची रजा लिहावी हे मला ठरवता आले नाही. बाईंचा हेतू चांगला होता. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

३. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार युरियासारख्या इंधनासोबत पाण्यात विरघळवून ती भट्टीत ठेवायची. पाणी आटले की मिश्रण फसफसून वर येते, आपोआप पेटते आणि क्षणात हलकी पावडर उरते. तुटलेल्या हाडातली पोकळी भरायला ती वापरायची आहे. इंधनाचे प्रमाण चुकले की काजळी राहून पावडर करडी होते. बासष्ट बॅच करड्या निघाल्या. मी बेकरीत भट्टी सांभाळतो, म्हणून एकदा तिला सल्ला द्यायला गेलो. "अहो, तुम्ही आधी तुमच्या पावांची बुडं बघा," असे उत्तर मिळाले.

४. १८ एप्रिलला ती घरी आली आणि चपला काढायच्या आधी "पांढरी!" एवढेच म्हणाली. पावडर पूर्ण थंड झाल्यावर, वजन करून मगच सही करायची, ही तिची पद्धत. गरम पावडरीवर सही करणाऱ्यांचे ती नाव काढू देत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघाली ती बसथांब्यापर्यंतच पोचली. वजन तिच्या सहकारी बाईंनी केले. त्यांनी नंतर दोनदा तशीच बॅच करून पाहिली. दोन्ही करड्या आल्या.

५. तरी विनंती की, सहीच्या रकान्यात 'मयत' अशी नोंद करून बॅच चाचणीला पाठवावी. मृत्यूचा दाखला आणि सहकारी बाईंचे वजनाचे पत्र सोबत जोडले आहे. हवे असल्यास तो शब्द मी येऊन लिहितो. या दीड महिन्यात पुष्कळ ठिकाणी लिहिला आहे, आता अक्षर बरे येते.

६. चाचणीत पावडर खराब निघाली तर जरूर फेकावी. ती असती तर तिनेच आधी फेकली असती. मात्र ती नाही म्हणून फेकू नये.

शुक्रवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा,
आपला,
(सही)
प्रयोगशाळा सहायकाचा पती
दि. ६ जून