चुलीत गेलेलं बायबल

कोरोईट,
ता. ३ मे १९७१

ती. सिसिलीताईस,
विनीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. बटाटे काढून झाले. नव्या फादरनी घरोघर बायबल वाटलंय. रोज जेवणानंतर वाचा म्हणतात! आमची नात मोइरा वाचते. मला पान सापडेना, तर कार्टी म्हणते, आजी, पन्नास वर्षं चर्चमध्ये डुलक्या काढल्यास का?

काल ती वाचत होती. येशूला धरून नेल्यावर त्याचाच शिष्य पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखत नाही, आणि मी टेबलावरून उठून गेले.

ताई, तुझं बायबल मी दाखवून दिलं. मेथडिस्ट मैत्रिणीनं दिलेलं, आपल्या कॅथलिक घरात चालणार नाही म्हणून गादीखाली ठेवलेलं. तेव्हाच्या फादरांना मीच सांगितलं. आईनं ते चुलीत घातलं, तुझी कॉन्व्हेंटातली नोकरी गेली. सोळा वर्षांची होते मी, अजाण नव्हते. फादर चारचौघांत तुझं कौतुक करायचे, ते मला बघवत नव्हतं. तू न सांगता पर्थला गेलीस, तेव्हा मी म्हटलं, एका माणसाबरोबर पळाली. आईलाही तेच सांगितलं.

रागाव, पण उत्तर दे.
तुझी, विनी


पर्थ,
ता. १४ मे

चि. विनी,

बायबलचं मला तेव्हाच कळलं होतं. खुद्द फादरच म्हणाले होते, धाकट्या बहिणीकडून काही शीक. त्याबद्दल तुला कधीच माफ केलंय. इथं आल्यावर दुसरं घेतलं. कुणी दारात आलं की अजून ते उशीखाली सारते, मेली सवय.

पण त्या माणसाचं आज कळतंय. असा कुणी नव्हताच. आईला मी अकरा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. मला वाटायचं, एका पुस्तकाचा राग इतका कसा टिकतो.

आज आशीर्वाद लिहवत नाही.
सिसिली


कोरोईट,
ता. २४ मे

ती. ताईस,
नमस्कार लिहिते, तू घेशील का ठाऊक नाही.

काल जेवणानंतर मी बायबलऐवजी तुझं पत्र वाचून दाखवलं. मुलगा उठून गोठ्यात गेला. मोइरानं विचारलं, पणजी आजारी होती तेव्हा तरी खरं सांगितलंस का? मी नाही म्हटलं. आज मिस्सेनंतर चर्चच्या दारात बायकांनाही सांगितलं. एक म्हणाली, आता कशाला उकरतेस? मी म्हटलं, माझ्या बहिणीचं नाव मीच खराब केलंय.

मोइरानं तुला पत्र लिहिलंय. माझ्याच पाकिटात घालू का, असं विचारलं, तर म्हणाली, नको आजी, मी स्वतः टपालात टाकते.

लोभ मागायला तोंड नाही.
विनी