तीन बगळे

प्रिय ॲंजेला,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीच्या दोन पत्रांत चूक एकही नव्हती, पण खरे असेही फारसे काही नव्हते.

मी बरा आहे. तहसील कचेरीबाहेरचे माझे टेबल अजून तिथेच आहे. लोकांचे अर्ज लिहून देतो, दाखल्यांचे, वारसनोंदीचे. शाळा नववीत सुटली, तरी पाचूबंदरात अजून म्हणतात, जितेशने वाचला म्हणजे कागद बरोबर. आई रोज विचारते, "जेवनात मीठ कमी पडलं का रे?" मी नाही म्हणतो. मला चवच लागत नाही, हे तिला सांगत नाही.

खाडीकाठच्या आपल्या खाजणाकडे रोज जाऊन येतो. भरावाचे डंपर मिठागर ओलांडून बांधापर्यंत आले आहेत. पणजोबांच्या वेळेपासून तिथे कोणी जाळे टाकले नाही की दगड मारला नाही, पाखरांची जागा म्हणून गावाने ती राखली. आता तिथे मोठा फलक आहे. त्यावर सत्तावीस मजल्यांचे चित्र, आणि खाली निळे पाणी. आपल्या खाजणाचे पाणी निळे कधीच नव्हते. मी फलक पूर्ण वाचतो आणि परत येतो. काही वाटत नाही. वाटायला हवे, एवढे कळते.

तुझे पप्पा, आपले ऑगस्टीन सर, आपल्याला थंडीत सकाळी बांधावर न्यायचे. तू दुर्बिणीतून पाखरांचा आकडा सांगायचीस, मी वहीत लिहायचो. "चिखल्या चारशे दहा, चारशे वीस... मेल्या, खोकलास का? उडाले ना सगळे!" मग दिवसभर माझ्याशी बोलायची नाहीस. सर हसायचे आणि मला सांगायचे, "दिसतं तेवढंच लिही बाबा. मनाचं लिहू नकोस." ते मी पाळत आलो. तू वकिली शिकायला मुंबईला गेलीस, तेव्हाही मनातले काही लिहिले नाही.

मागच्या वर्षी कचेरीतले साहेब खाजणाच्या पंचनाम्याला आले. दोन पंच हवे होते. "जितेश, चल. तू लिहितावाचता माणूस." दुसरे पंच दिनानाथकाका, होडीवरून उतरत होते, त्यांना तसेच आणले. कागद आधीच टाइप केलेला होता : जागेवर पक्ष्यांचा वावर आढळला नाही. मी म्हटले, साहेब, ते बघा, तीन बगळे आहेत. साहेब हसले. "बरं, तीन बगळे लिहू. तुझं समाधान होऊ दे." त्यांनी पेनाने तेवढे वाढवले. मी कागद दोनदा वाचला आणि सही केली. काकांनी खिशातून चष्माही काढला नाही. "जितेशने वाचलाय ना? मग मी काय दिवे लावू?" म्हणाले, आणि सही करून गेले.

आता कोर्टात ती टॉवर बांधणारी कंपनी त्या तीन बगळ्यांवरच उभी आहे. ज्यांनी तीन बगळेसुद्धा सोडले नाहीत, त्यांना हजारो पक्षी दिसले नसते का, असे त्यांचे म्हणणे आहे.

तो दिवस बारा जूनचा होता. थंडीत येणारे पाखरू जूनमध्ये इथे नसतेच. हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. साहेबांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. माझे टेबल त्यांच्या दारात आहे, हे तेव्हा मनात आले होते. कागदात खोटे काही नाही. मीच तो तपासला होता.

गुरुवारच्या सुनावणीत गावाच्या बाजूने तू उभी राहणार, असे फिलोमिनामावशीने सांगितले. तुझ्या हातात तो कागद येईल आणि खाली माझी सही दिसेल. मी तुला ओळखतो. तू काही न बोलता पान उलटशील आणि मला बोलावणार नाहीस. तसे करू नकोस. मला साक्षीला उभे कर. पंचनामा कोणत्या महिन्यात झाला आणि त्या महिन्यात पाखरे कुठे असतात, हे सगळ्यांसमोर विचार. साहेब समोर बसलेले असतील, मी अडखळेन. मग पुन्हा विचार. दया येऊन मध्येच थांबू नकोस. मी उत्तर देईपर्यंत विचारत राहा.

तुझाच,
जितेश