एक्केचाळीस नंबरचा शिक्का

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कृत्रिम पाय बनवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या दिरांचं, म्हणजे भाऊजींचं, मत वेगळं आहे. पण ते डॉक्टर नाहीत.

१. राहतं घर मुलाला. जिन्याची तिसरी पायरी हलते. दहा वर्षं सांगते आहे.

२. वर्कशॉप, लेथ, कानशी आणि प्लास्टरचे साचे ‘पलीकडची’ला. ती सीमेपलीकडून आली म्हणून गल्लीने तिला हे नाव ठेवलं. वर्कशॉप घरातच राहावं, नाहीतर कोर्टात जाईन, असं भाऊजी म्हणतात. म्हणून कारण लिहिते.

ते युद्ध कशासाठी झालं, हे दोन्हीकडच्या सरकारांना अजून धड सांगता येत नाही. तेव्हा मी भूसुरुंगांच्या कारखान्यात तपासनीस होते. माल तपासायचा आणि कवचावर आपल्या नंबरचा शिक्का ठोकायचा. माझा नंबर ४१. बाकीच्या जणी हलकेच ठोकत, मी जोर लावून. माझा एकही सुरुंग निकामी निघत नाही, याचा मला केवढा तोरा होता.

पलीकडच्यांच्या सुरुंगावर भाऊजींचा पाय गेला, तेव्हा मी पाय बनवायला शिकले. पुढे पलीकडचे लोकही येऊ लागले. “शत्रूला उभं करताय, वहिनी?” असं भाऊजींनी विचारलं, तेही मी बनवलेल्या पायावर उभं राहून.

युद्ध संपून बारा वर्षं झाल्यावर सीमेपलीकडून एक मुलगी कुबडीवर आली, तीच ही. शेतात गवत कापताना तिचा पाय गेला होता. तिने पत्र्याचा एक तुकडा टेबलावर ठेवला. त्यावरचा ४१ अजून स्वच्छ वाचता येत होता. मी काही लपवलं नाही, सगळं सांगितलं.

“आधी पाय बनवा,” ती म्हणाली. “नीट बसला तर पुढचं बोलू.”

तीनदा बनवला, तीनदा टोचला. चौथ्यांदा तिनेच कानस हातात घेतली, ती आजवर खाली ठेवलेली नाही. तिचं काम माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी अभिमानाने लिहिते. भाऊजींचा पायही नऊ वर्षं तीच बसवते. ते तेवढा वेळ डोळे मिटून घेतात.

३. भाऊजींना काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात. म्हणजे साक्षीला ते मोकळे. आणि साक्षीदाराला उद्या ‘वहिनी भ्रमात होत्या’ असं म्हणता येत नाही.

४. शिक्का. कारखाना बंद पडला तेव्हा मी तो खिशात घालून आणला, चोरी म्हणा हवं तर. पुढे प्रत्येक पायाच्या आतून तोच ठोकला, माणूस कुठलाही असो. तरी सुरुंगांपेक्षा पाय कमीच भरतील. शिक्का वितळवायचा का, असं मी पलीकडचीला विचारलं. “जमिनीतले सुरुंग अजून निघायचेत. राहू द्या,” म्हणाली. तेव्हा तोही तिलाच.

सहीशेजारी तो ठोकला आहे. जोर लावून.

ठिकाण: वर्कशॉप, खिडकीजवळचं टेबल
तारीख: १४ मार्च

(सही) ४१

साक्षीदार पहिला: शेजारचे चांभार. (सही)

साक्षीदार दुसरा: दीर. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. पाय ढिला झाला आहे, सोमवारी तिच्याकडे दाखवायला येतो. डोळे उघडे ठेवीन. (सही)