मी कुठेही परत जाणार नाही

मी, एझ्रा रूबेन थळकर, वय शहात्तर, निवृत्त पशुवैद्यक, राहणार आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दबावाशिवाय, पण भयंकर वैतागून लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, गुडघे तेवढे नाहीत. याआधी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर व त्यातील सर्व चीजवस्तू माझा एकुलता मुलगा एलियाज, राहणार अश्दोद, इस्रायल, याला द्यावी. तो तिकडे रमला, याचा मला आनंदच आहे. मात्र गेल्या महिन्यात त्याने मला न विचारता माझे मित्र विठ्ठलराव यांना फोन केला, "बाबा आता आपल्या देशात परत येताहेत." परत? मी तिथे दोनदा गेलो, दोन्ही वेळा पाहुणा म्हणून. प्रार्थनेला उभा राहतो तेव्हा माझे तोंड जेरुसलेमकडे असते आणि पाय आदिलाबादच्या काळ्या मातीत. मला यात कधीच अडचण वाटली नाही. इतरांना का वाटते, कळत नाही.

२. आमचे ज्येष्ठांचे डोंगर मंडळ अकरा वर्षांपासून चालते. चालते म्हणायचे, निम्मा वेळ विठ्ठलरावांचे भाषण ऐकत उभे असते. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळाचे कायमचे अध्यक्ष. आमची टेकडीवरची आठवड्याची फेरी पूर्वी शनिवारी असे. शनिवार माझा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून त्यांनीच ती रविवारी नेली. हेही लिहिले पाहिजे, नाहीतर खोटा ठरेन.

वर पोचलो की मी मलिदा करतो. भिजवलेले पोहे, साखर, खवलेला नारळ, फळे. आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांत आभार मानायचे ते असे. देवाचे नाव घेतो आणि या भूमीचेही, कारण आमच्या कित्येक पिढ्यांना इथे कुणी दारातून हाकलले नाही. मंडळी त्याला "थळकरांचे गोड पोहे" म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात. अकरा वर्षे माझे आभार खाल्ले, पण कशाचे आभार, हे रमाबाई सोडून एकानेही विचारले नाही. म्हणून माझी शिसवी काठी रमाबाईंना. तशीही त्या सगळ्यांच्या पुढे असतात.

३. गेल्या रविवारी या मंडळाने टेकडीवर माझा निरोप समारंभ केला. शाल, नारळ, टाळ्या.

"थळकर सायेब, तिकडं गेल्यावर आमाले इसरू नका," विठ्ठलराव म्हणाले.

"मी कुठं जाऊन राह्यलो?"

"काऊन, आपल्या देशात ना!"

मला प्रचंड संताप आला, तरी गुपचूप शाल पांघरून घेतली, ही माझी चूक. ती शाल आणि तो नारळ मंडळाला परत करावा.

४. मावला येथील बारा गुंठे जमीन मंडळाला, विसाव्यासाठी. अट एकच. तिथल्या मोहाच्या झाडाखाली माझी पत्नी सिपोरा पावणेसात वर्षांपासून आहे, तिच्या शेजारी मला पुरावे. गावाची लेखी परवानगी सोबत जोडली आहे. एलियाजने मला विमानात घालू नये.

सिपोरा गेली तेव्हा प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष हवे होते. जिल्ह्यात मी एकटा. एलियाज पोचायचा होता. तेव्हा मंडळाचे नऊ जण डोके झाकायला माकडटोप्या घालून, भर एप्रिलात, घाम पुसत माझ्यासोबत उभे राहिले. धर्मशास्त्रात हे बसत नाही, मला ठाऊक आहे. त्या दिवशी माझा देश कोणता, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. आणि त्याच नऊ जणांनी मला निरोपाचा नारळ द्यावा! याचेच दुःख आहे.

माझ्या वेळीही त्यांनी तसेच उभे राहावे. कद्दीश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, एलियाजने फोनवरून म्हटला तरी चालेल. फोन विठ्ठलरावांनी धरावा, आणि आवाज मोठा करायला विसरू नये.

५. विठ्ठलरावांना काहीही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. मलाही ते पटते.

हे सर्व वाचून, समजून सही केली आहे.

एझ्रा रूबेन थळकर
ठिकाण : मावला, मोहाखाली
दिनांक : रविवार, १८ जानेवारी २०२६

साक्षीदार :

१. हेरंब देशकर, निवृत्त पोस्टमास्तर (सही)

२. विठ्ठलराव पांडे, निवृत्त मुख्याध्यापक (सही)
साक्षीदाराने फक्त सही करायची असते, पण मी सगळे वाचले. सायेब, चुकलो. टोपी अजून हाये माह्याजवळ. नारळ मात्र आमी वापस घेत नाही. फोडा, आन् आताच मलिद्यात खवा. सगळे बसून हायेत.