इराचा गार हात

सनद (आखातातलं आमचं गाव), गुरुवार संध्याकाळ

माझ्या लेकीच्या, इराच्या शाळेत आज आम्हा पालकांना मौनसभेला बोलावलं होतं. शाळा क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शिकवणीवर चालते. आठवड्यातून एकदा सगळे गोल करून गप्प बसतात. आतून काही उमटलं तर उभं राहून खरं तेवढंच बोलायचं. त्यावर कुणी उत्तर द्यायचं नाही. शेवटी शेजारच्याशी हात मिळवला, की सभा संपली.

'गप्प बस' हे तर मी घरी फुकट शिकवते, असं नवऱ्याच्या कानात सांगणार, तेवढ्यात शेजारी बसलेली इरा उभी राहिली.

"माझी आई विनोदी लिहिते," ती इंग्रजीत म्हणाली. "मी रडले तरी त्याचा विनोद होतो. म्हणून मी तिला काही सांगत नाही."

आणि बसली. जगाला टोले देणारी मी, आणि उत्तराला बंदी! मग नियमाप्रमाणे तिने माझ्याशी हात मिळवला. गार हात. पाहुण्याशी मिळवावा तसा.

तिच्या रडण्यावरचा माझा 'रडूबाई' लेख तिला लागला असेल का? इथल्या जुफैर भागातल्या पार्टीत मी तो वाचला, लोक पोट धरून हसले. ती तिथेच होती, समोसा खात.

घरी आल्यावर तिच्या पलंगावर नुसती बसले. हात हातात घेतला. अजून गारच. मग तीच बोलली, चक्क मराठीत.

"आई, मनात जोक करतेयस ना?"

"नाही गं."

करत होते. तिने हळूच हात काढून घेतला.