तीन बाटांचा दरवाजा

बँकॉक, १२ जानेवारी २००७

सौ. चाम्पीस,

अ. आ. वि. वि. आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनापासून आले असे समजू नकोस. फोन तू दोन वाक्यांत ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला.

गेल्या शनिवारी मी नाखोन सवानला येऊन गेले. नव्या वर्षाची रजा उशिरा मिळाली. न कळवता येऊन आईला चकित करावं म्हटलं. बसमधून उतरले आणि आधी बाजारातल्या संडासाकडे वळले, कारण साडेतीन तासांचा प्रवास होता. दाराशी टेबल, टेबलावर नाण्यांचं वाडगं, आणि वाडग्यामागे माझी आई. मी पाच बाटांचं नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिने दोनाचं एकच नाणं परत दिलं आणि माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाली की पुढे जा बाई, उजवीकडची रिकामी आहे.

चाम्पी, माझ्या आईने मला ओळख दाखवली नाही. लाजेने दाखवली नाही, दुसरं काय. ज्या बाईने शाळेसमोर वीस वर्षं केकचं दुकान मानाने चालवलं, तिला तू लोकांच्या घाणीच्या दाराशी सुट्टे द्यायला बसवलंस. मी तशीच मागे फिरले आणि पुढच्या गाडीने परत आले. माझा भाऊ ट्रक घेऊन महिना महिना दक्षिणेकडे असतो, त्याला काही दिसत नाही हे समजते. तुझे डोळे तर शाबूत आहेत ना.

आईला पुन्हा तिथे बसवलंस तर माझ्याशी गाठ आहे. लोभ होता तेवढा पुरे, वाढवायची गरज नाही.

तुझी नणंद,
रच्चनी


नाखोन सवान, २० जानेवारी

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. दोन वर्षांनी आलात आणि घराचा उंबरा न ओलांडता परत गेलात, हे वाचून आनंद झाला. स्वयंपाक वाचला.

तुम्ही बँकॉकच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसता, ते काम मानाचं. थंड हवा, गळ्यात ओळखपत्र. आई पंख्याखाली वाडगं घेऊन बसतात, ती बेअब्रू. नाणी तीच आहेत वन्सं. तुमच्याकडून निघतात आणि फिरत फिरत आमच्याकडे येतात, वाटेत अंघोळ करत नाहीत.

संडासाचा ठेका माझ्या नावावर आहे. फरशी मी घासते, पाणी मी भरते, हात माझे फाटलेत. आईंना मी बसवलेलं नाही. त्या स्वतः येऊन बसल्या, आणि त्यांना उठवायची माझी छाती नाही. सकाळी सात ते बारा. भाजीवाल्या येता-जाता हात जोडतात, हमाल आपली भांडणं सांगतात, कोणाची पोर कुणाबरोबर पळाली ते आईंना आधी कळतं. घरी भिंतीकडे तोंड करून बसण्यापेक्षा त्यांना हे बरं वाटतं.

त्यांनी ओळख का दाखवली नाही, त्यावर मी काही लिहिणार नाही. माझ्यावर शपथ आहे.

तुम्हाला पत्र लिहायला लागला तो वेळ मी साबण कालवण्यात घालवला असता. तब्येत सांभाळा.

आपली,
चाम्पी


बँकॉक, १ फेब्रुवारी

चाम्पीस,

आशीर्वाद या वेळी नाहीत.

मला सगळं कळलं. भाजीवाली थोंगसुक माझ्या शाळेतली, तिने फोन केला. मंगळवारी एक माणूस आईवर ओरडला की दहा दिले आणि दोनच परत केलेस, म्हातारी चोर आहेस. मग त्याने वाडगं उधळलं. सगळ्या बाजारादेखत माझी आई जमिनीवर गुडघे टेकून, हातांनी चाचपडत नाणी गोळा करत होती. एका हमालाने घरंगळणाऱ्या नाण्यावर पाय ठेवला, तर आई त्याला म्हणाली की राजाचा चेहरा आहे त्याच्यावर, पाय उचल. त्या अवस्थेतही तिला मर्यादा सुचली. तुला कधी सुचणार?

एक बाट आणि नवा दोन बाट हुबेहूब एकसारखे दिसतात, हे आम्हा गल्ल्यावरच्या बायकांना रोज नडतं. आमच्याकडे मुली दोनच्या नाण्यांवर रंगीत पेनाने खुणा करतात. तू त्रेसष्ट वर्षांच्या बाईच्या पुढ्यात ते मिसळून ठेवलेस आणि स्वतः आत बादल्या वाजवत बसलीस.

रविवारी अकरा तारखेला मी तिला न्यायला येते. तिचे कपडे धुऊन ठेव. तुझ्या हातचं जेवायला मी थांबणार नाही.

रच्चनी


नाखोन सवान, ६ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. तुमचे आशीर्वाद नव्हते तरी माझा नमस्कार घ्या, मला तो फुकट आहे.

थोंगसुकने अर्धंच सांगितलं. त्या माणसाने पाच दिले होते आणि दहाचे सुट्टे मागत होता. दहाच्या नाण्यावर उठावाचे ठिपके असतात, आईंच्या अंगठ्याला ते कधी चुकत नाहीत. आई शांतपणे म्हणाल्या की बाबा, तुझे पाचच होते. त्याला वाटलं म्हातारी आहे, दबेल. वाडगं उधळलं तेव्हा मी आतून ओला पोछा घेऊन आले आणि त्याच्या पाठीत घातला. दोन वेळा. दुसऱ्या वेळची गरज नव्हती हे कबूल. पुढच्या महिन्यात बाजार समितीपुढे मला उभं राहायचं आहे, ठेका जाईलही. हे थोंगसुकला दिसलं नसेल, ती तेव्हा खाली पडलेले टोमॅटो वेचत होती.

आईंना घेऊन जा. मी अडवणार नाही. कपडे धुतलेत. गुडघ्याचं तेल निळ्या बाटलीत आहे. भात मऊ लागतो, मासळीचा ठेचा रोज लागतो, आणि रात्री उठल्या तर दिवा लावू नका, त्यांना त्याने राग येतो. जिने असतील तिथे पुढे तुम्ही चाला.

आई जायला तयार नव्हत्या. मी म्हटलं की लेक बोलावते आहे तर जा, नाहीतर तुमची लेक मला जन्मभर खाईल. त्या म्हणाल्या की ती तशीही खाईल.

आपली,
चाम्पी


बँकॉक, ३ मार्च

चाम्पी,

मायना लिहायला हात उचलत नाही.

माझी आई आंधळी आहे. तुला माहीत होतं. पहिल्या दिवशी ती जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली, मी समजले थकली असेल. दुसऱ्या दिवशी मी तिला शंभरची नोट दिली, खालून केळी आण म्हणून. तिने नोट बोटाभोवती गुंडाळून तिची लांबी पाहिली आणि म्हणाली की हो, शंभरच आहे. मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

डॉक्टर म्हणाले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकलेला, दोन वर्षांपूर्वीच काढायला हवा होता. दोन वर्षं तू काय करत होतीस? न दिसणारी बाई पैशाच्या वाडग्यावर बसवली म्हणजे ठेकेदारणीला किती सोयीचं. कोणी कमी टाकलं, कोणी बटण टाकलं, शेवटी दोष म्हातारीचा.

त्या शनिवारच्या पाच बाटांचं मी तिच्याजवळ काढलंच नाही. मला लाज वाटली.

शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. मंगळवारी मी कामावरून आले तर किल्ली खालच्या वॉचमनकडे आणि आई नाही. मी दोन पोलीस चौक्या आणि तीन इस्पितळं फिरले. शेवटी थोंगसुकने कळवलं की ती तुझ्या त्या खुर्चीवर बसली आहे. तूच फोन करून तिला फितवलंस. तिला काही झालं असतं तर मी तुला कोर्टात उभं केलं असतं. अजूनही करीन.

रच्चनी


नाखोन सवान, ८ मार्च

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. आई इथे आहेत, सुखरूप आहेत. मी त्यांना फोन केलेला नाही. मंगळवारी दुपारी दारात रांग होती, त्या रांगेतून कोणी आजी धक्के देत पुढे येते आहे म्हणून बायका चिडल्या. त्या आई होत्या. खुर्चीवर मी सुताराची मुलगी बसवली होती, तिला उठवून स्वतः बसल्या आणि वाडग्यात हात घालून म्हणाल्या की यात तीन नाणी सतांगची आहेत, बाटाहून लहान, ही कोणाकडून घेतलीस, बाजारात ती कोणी घेत नाही. मग कळलं की सकाळी एका टॅक्सीवाल्याचा हात धरून मो चितच्या बसस्थानकावर गेल्या, तिकीट काढलं, सुट्टे बरोबर आलेत का ते कंडक्टरसमोर बोटांनी तपासून घेतले आणि आल्या.

डोळ्यांचं मला दीड वर्षापासून माहीत होतं. त्यांनी मला शपथ घातली होती की रच्चनीला सांगू नकोस, ती मला उचलून बँकॉकला नेईल. मी सांगायला हवं होतं. मी गप्प राहिले, त्यात माझाही स्वार्थ होता. तुमचा भाऊ विरोत घरी नसतो, मला पोर नाही, आणि त्या गेल्या तर संध्याकाळी मी कोणाशी भांडू? कोर्टात हेच सांगीन.

पण वन्सं, तुम्हीही एक ऐका. त्या शनिवारी तुम्ही पाच बाट हातावर ठेवलेत आणि दगडासारख्या उभ्या राहिलात. एकदा आई म्हणून हाक मारली असतीत तर त्यांनी आवाजावरून तुम्हाला ओळखलं असतं. तुम्ही त्यांना पाहिलंत, आणि तुम्हीच ओळख दाखवली नाहीत.

सोमवारी मी त्यांना इथल्या इस्पितळात नेलं. ऑपरेशनला त्या माझ्या सात पिढ्या उद्धरत गेल्या. मी सांगितलं होतं की डोळा करा, नाहीतर खुर्ची सुताराच्या मुलीला कायमची देईन. काल उजवा डोळा झाला. उद्या पट्टी निघेल. समितीने मला ताकीद देऊन सोडलं, ठेका आहे.

तुम्ही यायची तसदी घेऊ नका.

आपली,
चाम्पी


नाखोन सवान, २५ मार्च

चि. रच्चनीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर मोठं आलंय, तिसऱ्या ओळीपासून कागदाबाहेर जाईल, तरी वाच. किती तरी दिवसांनी लिहिते आहे.

पट्टी निघाली. पहिल्यांदा चाम्पी दिसली. मी म्हटलं की तू म्हातारी झालीस. ती म्हणाली की तुमच्या सोबतीने. मग वाडगं पाहिलं. इतकं कळकट वाडगं मी रोज पुढ्यात घेऊन बसत होते याची मला शरम वाटली, घासून लख्ख केलं. दोन बाटांचं नाणं पाहिलं. लोक म्हणतात ते खरं आहे, डोळ्यांनी फरक कळत नाही. कडेवरचे दाते मध्येमध्ये तुटलेले असतात ते बोटालाच कळतं. म्हणून मी अजून डोळा मिटूनच सुट्टे देते.

काल कात्री शोधायला चाम्पीचा खण उघडला. त्यात तुझी पत्रं होती. पत्र आलं की चाम्पी पलंगावर बसून मला वाचून दाखवायची. तू माझ्या गुडघ्याची चौकशी करायचीस. जानेवारीत थंडी आहे तर आईला मोजे घाल असं लिहायचीस. ठेच्याची आठवण काढायचीस, आणि शेवटी चाम्पीला म्हणायचीस की माझ्या आईला सांभाळतेस, तुझे उपकार आहेत. मी ऐकून झोपायचे. वाटायचं, पोर दूर आहे पण मऊ आहे.

काल ती पत्रं मी या डोळ्याने वाचली. गुडघा कुठेच नाही. मोजे नाहीत. कागद उलटून मागेही पाहिलं.

चाम्पीला विचारलं तर ती म्हणाली की डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे, आणि बादली घेऊन आत गेली. तो विषय काढला की अजून बादल्या जोरात वाजवते.

त्या शनिवारी तो हात तुझा होता, हे मला पत्रातून कळलं. त्याबद्दल मी तुला रागावणार नाही. ज्याचं मी रागावणार आहे ते वेगळं आहे. चाम्पीची आई फेचाबूनला असते, पंच्याहत्तरीची. चार वर्षं चाम्पी तिला भेटलेली नाही, कारण एप्रिलमध्ये सोंगक्रानच्या सणाच्या आठवड्यात सगळा गाव बाजारात लोटतो आणि संडास बंद ठेवता येत नाही. हे मी तिला कधी विचारलं नाही, तूही नाही. उद्या तिच्या भावाने तिला असली पत्रं लिहिली, तर ती गोड करून तिच्या आईला वाचून दाखवायला तिथे कोणी नाही.

तेव्हा तू सात दिवसांची रजा काढ. बारा एप्रिलला ये. चाम्पीची गाडी तेरा तारखेच्या पहाटेची आहे, तिकीट मी काढून आणलंय. तिने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. फरशी तू धुवायची, पाणी तू भरायचं, गर्दी वाढली की टेबलावर तू बसायचं. काही बायका बोट लागू नये म्हणून नाणं वरून टाकतात. ते उचलायचं आणि आभार मानायचे. जुने जोडे आण, नवे खराब होतील.

डावा डोळा मे महिन्यात आहे. इथेच.

उत्तर मला लिही, चाम्पीला नको. मी स्वतः वाचणार आहे.

तुझी,
आई