आप्पांचा आवाज, भोंग्याचं तोंड

१४ जून १९८८

ती. ताईस,
भोंग्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावोजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. खोली कशी आहे म्हणून विचारलंस. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर आहे. आम्ही तिघं राहतो: मी, एक नकाशे काढणारा आणि एक रात्रपाळीचा कंपाउंडर. कंपाउंडर सकाळी कामावरून येतो, मी अंथरुणातून उठतो आणि तो त्याच अंथरुणात शिरतो. गादीला गार होण्याची सवडच मिळत नाही. दिवसा मी एका मोठ्या दुकानात उभा राहून गिऱ्हाइकांना मिक्सर चालवून दाखवतो. संध्याकाळी तालमी.

आता खरी बातमी. मला नाटकात काम मिळालं! पडदा उघडल्यापासून पहिला अंक संपेपर्यंत मी रंगमंचावर असतो, तोही अगदी मधोमध. मी प्रेत आहे. परवाच्या प्रयोगात चादरीतली धूळ नाकात गेली आणि मी शिंकलो. लोक खो खो हसले. पण माझी विधवा झालेली बाई मुरलेली नटी आहे. तिने असा हंबरडा फोडला की माझी दुसरी शिंक त्यात कुठल्या कुठे विरून गेली.

एक काम कर. आप्पांना जरा आवर. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली, हळू बोलणं त्यांना जमत नाही हे मला ठाऊक आहे. पण मुलगा हिरो झाला असं ते लिलावाच्या ओट्यावर उभं राहून सांगतात. गेल्या खेपेला एका अडत्याने माझी सही मागितली, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. प्रेताची सही कोण मागतं?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा
भोंगा

---

२ जुलै १९८८

चि. भोंगा यास,
ताईचे अ. उ. आ.

चष्म्याच्या दुकानातून चार दिवस सुट्टी काढून आप्पांकडे जाऊन आले. तुझा निरोप सांगितला. ते म्हणाले, मी खोटं कुठे बोलतो, फक्त जरा आधी बोलतो.

तू ज्या सिनेमात आहेस म्हणून कळवलं होतंस, तो तिथे लागला होता. आप्पा बाजारातल्या चौघांना घेऊन गेले, मलाही ओढलं. मध्यंतर झालं तरी तुझा पत्ता नाही. चौघं चुळबुळ करायला लागले. मग शेवटाकडे बसथांब्यावरची गर्दी आली आणि आप्पा ताडकन उठून ओरडले, की तो बघा, तो पाठमोरा, ती मान माझ्या घरातली आहे! आख्खं थिएटर मागे वळून आप्पांकडेच बघायला लागलं. हिरॉइनचं रडणं कुणी पाहिलंच नाही. घरी जेवताना आप्पा एवढंच म्हणाले, की पोराने मान चांगली धरली होती.

तू लहानपणी रडायला लागलास की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडायच्या, म्हणून त्यांनीच तुला भोंगा नाव ठेवलं. त्यांना वाटतं तो गळा त्यांचा आहे. तेव्हा त्यांना आवरायला मला सांगू नकोस. पाठमोरा आहेस तोवर मानेची नीट काळजी घे. तोंडाचंही बघतील कधीतरी.

जेवत जा. आठवण ठेवतोस तशीच ठेव.
तुझी
ताई

---

९ नोव्हेंबर १९९४

चि. भोंगा यास,
ताईचे अ. उ. आ.

फोनवर धड बोलता आलं नाही. मागे रांग होती आणि मला रडू येत होतं. म्हणून सगळं लिहिते.

आप्पांना ओट्यावरच झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला आहे. पाय थोडाफार परत येईल असं डॉक्टर म्हणतात. पण वाचाही गेली. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं. बोलायला जातात आणि शब्द सापडत नाही. मला हाक मारायची असते आणि तोंडातून भलताच आवाज निघतो. मग इतके चिडतात की डाव्या हाताने पांघरूण फेकून देतात. आणि गंमत बघ, शिव्या मात्र स्वच्छ येतात. काल नर्सने सुई टोचल्यावर अशी एक हासडली की ती बिचारी लाल झाली आणि मी खुर्चीत बसून हसत हसत रडले.

तू येऊ नकोस. दर आठवड्याला घराघरांत दिसणारं, नाव असलेलं, चेहरा असलेलं काम तुला इतक्या वर्षांनी मिळालं आहे. सोमवारी तुझं चित्रीकरण सुरू होतं आहे. मी महिनाभर इथे राहीन. नंतरचं नंतर बघू. मालक रजा वाढवून देतील बहुतेक. भावोजी हाताने करून खातात. सगळं ठीक आहे.

आप्पांनी तुझा फोटो उशीशेजारी ठेवायला लावला, हे लिहिणार नव्हते, पण लिहून गेले.

काळजी करू नकोस, प्रेम आहेच.
तुझी
ताई

---

२० मार्च १९९५

ती. ताईस,
भोंग्याचा सा. न. वि. वि.

दोन महिने झाले, तू घरी पोचलीस, दुकानात रुजू झालीस, छान झालं. आता आप्पा माझ्या ताब्यात आहेत, किंवा मी त्यांच्या.

आधी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. हो, मी चित्रीकरण सोडून इकडे आलो, म्हणून मालिकेतली माझी भूमिका दुसऱ्याला दिली. निर्मात्याचं काही चुकलं नाही, तो किती थांबणार? तो नट चौकातल्या फलकावर आहे, चांगला दिसतो. पहिल्या दिवशी फलकासमोर उभा राहून त्याचं नाव दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशीपासून मी मागच्या गल्लीने जातो. याहून जास्त विचारू नकोस.

आप्पांचं सांगतो. शब्द येत नाहीत, पण एक दोन तीन म्हणायला लागलो की त्यांचे आकडे सुटतात, थेट लिलावाच्या सुरात! डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सवयीचं आणि सुरातलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, तीच वाट धरा. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसतो. ते डाव्या हाताने ठेका धरतात, मी पुकारा करतो, ते मागोमाग म्हणतात आणि मध्येच मी आकड्याच्या जागी एखादा शब्द सरकवतो. पहिला महिना फक्त शिव्या खाल्ल्या. गेल्या आठवड्यात त्याच सुरात 'पाणी' आलं. आपलं आपल्यालाच नवल वाटून ते दिवसभर पाणी मागत होते. किती पाजलं विचारू नकोस.

तालमीत आम्हाला जबड्याचे, जिभेचे, श्वासाचे व्यायाम शिकवतात. ते सगळे त्यांच्याकडून करून घेतो. मी तोंड वाकडं करून दाखवतो, ते बघून करतात. त्यासाठी मला त्यांच्या तोंडाकडे तासन्‌तास बघावं लागतं. शब्द जवळ येतो तेव्हा आधी भुवई हलते, मग गळ्याशी काहीतरी दाटतं, मग हातातून निसटल्यासारखा चेहरा होतो. इतकी वर्षं मी अभिनय करतोय, पण एका माणसाकडे इतकं कधी पाहिलं नव्हतं.

एक दुःख आहे. बाजारातले जुने लोक भेटायला आले की ते भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतात. ज्याच्या आवाजावर बाजार चालायचा त्याला अडखळताना कुणी ऐकू नये, असं त्यांना वाटतं. काल ते लोक गेल्यावर उशी ओली होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता तुझी परीक्षा. रविवारी शेजाऱ्यांकडे फोन कर. तुझ्यासाठी एक शब्द तयार होतो आहे.

जीव लावतेस, लावत राहा.
तुझा
भोंगा

---

६ ऑगस्ट २००१

ती. ताईस,
भोंग्याचा सा. न. वि. वि.

आप्पा तुझ्याकडे राहायला आल्यापासून मला त्यांच्या तब्येतीपेक्षा तुझ्या तब्येतीची जास्त काळजी वाटते. भावोजींना बुद्धिबळात हरवून वर डिवचतात असं कळलं. वा!

माझं म्हणशील तर चाळिशी ओलांडली. परत आल्यावर सगळी शिडी पहिल्या पायरीपासून चढायला लागली हे तुला माहीतच आहे. परदेशी सिनेमांतल्या घोड्यांना, चेटकिणींना आणि एका पाणघोड्याला आवाज दिला. वाचनालयाच्या माळ्यावर छोटी नाटकं करतो. प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या जास्त असतात. तिथे गेल्या महिन्यात पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. प्रयोगानंतर आत आल्या आणि म्हणाल्या, की तुम्ही ऐकता फार छान. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या सिनेमा दिग्दर्शित करतात.

त्यांच्या नव्या सिनेमात एक नावाजलेला वकील आहे. ऐन कोर्टात त्याची वाचा जाते. नामवंत नटांना बघून झालं होतं. मला बोलावलं, एक प्रसंग करून दाखवा म्हणाल्या. मी केला. हे कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. भूमिका तुमचीच, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. चाळिशीतला माणूस घरी विचारणार म्हटल्यावर त्या हसल्या, पण थांबायला तयार झाल्या.

ताई, मला ही भूमिका किती हवी आहे हे लिहीत नाही. पण ज्या अडखळण्याची आप्पांना एवढी लाज वाटते, ज्यापायी ते दारावरची घंटा वाजली की आतल्या खोलीत जातात, तेच मी पडद्यावर नेऊन जगाला दाखवायचं? ते त्यांचं आहे. त्यांचा मूड बरा असेल तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखव. समजावू नकोस, गळ घालू नकोस. नको म्हणाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही, आणि मनातही ठेवणार नाही.

उत्तराची वाट बघतो. लोभाचं तर मी विचारतच नाही, तो गृहीत धरला आहे.
तुझा
भोंगा

---

१५ ऑगस्ट २००१

चि. भोंगा,
आशीर्वाद.
कर.
दाढी केलेला दाखव. गबाळा नको.
शिव्या ठेव. नाहीतर खरं वाटणार नाही.
रडका नको. मी चिडतो. रडत नाही.
आप्पा

(डाव्या हाताने स्वतः लिहिलं आहे. दोन संध्याकाळी लागल्या, मला मदत करू दिली नाही. पत्र ऐकल्यावर आधी खूप वेळ खिडकीशी उभे होते, मग कागद मागितला. शेवटची ओळ खोटी आहे, पण राहू दे. — ताई)

---

२१ मे २००३

ती. ताईस व ती. आप्पांस,
भोंग्याचा सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून सांगितलंच आहे, पण पत्राशिवाय मला ते खरं वाटत नाही. हॉटेलच्या खोलीत बसलो आहे. गादी इतकी मऊ आहे की काल जमिनीवर झोपलो. टेबलावर ते बक्षीस आहे: उत्कृष्ट अभिनेता. या महोत्सवाला देशोदेशीचे सिनेमे येतात, त्यांतून एक नाव निवडतात, आणि ते माझं निघालं. उच्चार इतका चुकीचा केला की मी टाळ्या वाजवत बसलो होतो. दिग्दर्शक बाईंनी ढोसलं तेव्हा उठलो.

पण बक्षिसापेक्षा आदल्या दिवशीच्या खेळाचं सांगतो. हजारभर माणसं, एकालाही आपली भाषा येत नाही. वकील आपल्या मुलीला हाक मारायला धडपडतो तो प्रसंग आला. खालची अक्षरं बंद झाली, कारण भाषांतर करायला शब्दच नव्हता. आणि थिएटरमधली माणसं खुर्चीत पुढे सरकली. माझ्या शेजारची परकी बाई स्वतःचे ओठ हलवून त्याला शब्द पुरवत होती. आप्पा, तुम्हाला ते सगळे मदत करत होते.

सिनेमा आता वीसेक देशांत लागणार. इथल्या एका मोठ्या दिग्दर्शकाने पुढच्या सिनेमात मुख्य काम देऊ केलं आहे, त्यांच्या भाषेत. ती मला येत नाही. मी म्हटलं, शिकेन. आधी सूर, मग ठेका, शब्द मागाहून येतील. ही शाळा मी केलेली आहे.

आशीर्वाद आहेतच म्हणून इथवर आलो, ते चालू ठेवा.
तुमचा
भोंगा

---

३ डिसेंबर २००४

चि. भोंगा यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझा तो परभाषेतला सिनेमा पाहिला. तुझा चष्मा डावीकडे कलला होता, त्यांच्याकडे धड स्क्रू पिळणारं कुणी नाही का? बाकी, उभं राहून टाळ्या वाजवल्या. आता दुकानात गिऱ्हाइकं तुझ्यासारखी फ्रेम मागतात. मी प्रत्येकाला सांगते की तो माझा भाऊ आहे. आप्पांची मुलगी आहे, आधी बोलते.

मंगळवारी परदेशी टीव्हीची माणसं आली होती: एक उंच वार्ताहर, एक कॅमेरावाला आणि एक तरुण दुभाषी मुलगी. तुझं बालपण, तुझं घर असं काहीतरी दाखवणार आहेत. मी आधीच सांगून ठेवलं होतं की वडील अनोळखी माणसांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत, उत्तरं मी देईन. साडी नेसून, केस नीट करून बसले. दिवे लागले. आणि आतलं दार उघडलं.

आप्पा आले. इस्त्रीचा शर्ट स्वतः घातलेला, बटणं एक सोडून एक. काठी टेकत आले आणि मला उठवून माझ्या खुर्चीत बसले.

वार्ताहराने विचारलं, की मुलाने पडद्यावर तुमचंच दुखणं उभं केलं, ते बघताना कसं वाटलं. आप्पांनी तोंड उघडलं. भुवई हलली. शब्द येईना. दुभाषी मुलगी चांगल्या मनाची, तिने त्यांचं वाक्य पुरं करायला सुरुवात केली. आप्पांनी डावा हात वर केला, तिला थांबवलं. पुन्हा तिने मदत केली, पुन्हा हात वर. मग त्यांनी गुडघ्यावर ठेका धरला. सगळे थांबले, भोंग्या. ती एवढी लांबून आलेली माणसं, कॅमेरा चालू, आणि आमचे आप्पा घाई न करता शब्द शोधत बसले होते, जगाला वेळच वेळ असल्यासारखे.

मग म्हणाले. एकेक शब्द, पण खणखणीत. माझ्यापेक्षा तो चांगला आजारी पडला, म्हणाले. मला तेवढं जमलं नव्हतं.

मुलीने भाषांतर केलं. वार्ताहर आधी हसला, मग चष्मा काढून पुसायला लागला. मला वाटलं झालं, आता आप्पा दमले असतील. मी उठवायला गेले तर मलाच दटावलं, की चहा टाक, पाहुणे बसलेत.

त्यानंतर दीड तास बोलले. तुझं रडणं, बसथांब्यावरची मान, टेबलाशी चाललेली शिकवणी, सगळं. एका शिवीपाशी दुभाषी अडली, तर त्यांनी तिला अर्थ समजावून सांगितला. कॅमेरावाल्याची फीत संपली. वार्ताहर दोनदा घड्याळ बघून उठला, दोनदा त्याला खाली बसवलं. शेवटी मीच मध्ये पडून त्यांची सुटका केली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आप्पा दारात उभे राहून त्यांना काहीतरी ओरडून सांगतच होते, आणि समोरच्या इमारतीतले सगळे खिडक्यांत येऊन ऐकत होते.

इकडे आम्ही सगळे मजेत. तू आमचा आहेस, तसाच राहा.
तुझी
ताई